बहुधा अस्सल

रोहिणी सावर्डेकर यांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र फेब्रुवारीत आले. त्यात त्यांनी लिहिले होते की, आमचे यजमान एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत. मागच्या मंगळवारी ते नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या गाडीने घरी आले, आणि दोन आले. दोघांनी एकाच खुंटीला शर्ट अडकवला. दोघांनी आमटीत मीठ कमी असल्याचे सांगितले. तुम्ही पोस्टाच्या तिकिटांमधले अस्सल-नक्कल ओळखता असे कळले, तरी या दोघांपैकी अस्सल कोण ते कळवावे. सहीच्या वर आणखी एक ओळ होती. ‘तुमच्या दाखल्यांत “बहुधा” असते असे ऐकते. मला बहुधा चालणार नाही.’

मी पत्राची घडी करून ती भिंगाच्या डबीखाली ठेवली. विचारलेली गोष्ट विचित्र वाटली म्हणून नव्हे. शेवटच्या ओळीमुळे.

मी साताऱ्यात एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर घरी बसून जुनी तिकिटे तपासतो. सगळी नव्हेत, फक्त हातेरी संस्थानची. संस्थान छोटे होते, त्याचे स्वतःचे टपाल थोडीच वर्षे चालले, आणि त्याच्या निळ्या हत्तीच्या तिकिटाकडे माझ्याइतका वेळ दुसरे कोणी पाहत बसलेले नाही. याचा अर्थ मला त्यातले कळते असा होत नाही.

हत्ती छपाईच्या एका दगडावर काढलेला होता. टपाल चालू असताना त्या दगडावरून छापले ते अस्सल. टपाल बंद झाल्यावर हौशी संग्राहकांनी मागितले म्हणून त्याच दगडावरून पुन्हा छापले ते पुनर्मुद्रण. दुसऱ्याच कोणी दुसऱ्याच दगडावर हत्ती काढून छापला ती नक्कल. नक्कल ओळखणे सोपे असते, कारण नक्कल करणारा बहुतेक वेळा हत्ती मूळ हत्तीपेक्षा चांगला काढतो. पुनर्मुद्रण अवघड. तो खोटा हत्ती नसतो. तो तोच हत्ती असतो, फक्त उशिरा आलेला, आणि त्याला पत्र नेता येत नाही.

तपासून झाले की तिकिटाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, परीक्षकाने पेन्सिलीने आपली आद्याक्षरे लिहायची असा आमच्यात रिवाज आहे. मी ‘य. गो.’ असे लिहितो. इतके फिकट लिहितो की चूक निघाली तर कोणालाही ते खोडता यावे. सोबतच्या दाखल्यात ‘बहुधा अस्सल’ असे लिहितो. तो शब्द नसलेला दाखला माझ्या हातून कधी गेलेला नाही.

मार्चमध्ये आमचे पोस्टमन शिराळकर जिना चढून वर आले. त्यांच्या मागे दोन माणसे होती. दोघांच्या दंडांवर रजिस्टर पोस्टाची चिठ्ठी डकवलेली होती. शिराळकरांनी पावती पुढे केली.

“नंबर एकच आहे, नग दोन,” ते म्हणाले. “पण वजन एकाचंच भरलं. मी दोनदा काट्यावर उभं केलं.”

मी सही केली. सही करताना मला नेहमी वाटते की ती माझ्यासारखी येणार नाही. शिराळकरांनी ती पाहिली, पावती खिशात घातली आणि खाली गेले.

दोघेही पन्नाशीचे होते. खाकी कपडे, खिशाला शिट्टी, डाव्या भुवईखाली जुनी खोक. दोघांनी एकदम नाव सांगितले, विश्राम सावर्डेकर, आणि दोघांनी मला काका म्हटले. मी दोघांनाही विश्रामराव म्हणायचे ठरवले. त्यातले एक खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, दुसरे कॉटवर. माझे घर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी एवढेच आहे, तेव्हा तिसरी जागा नव्हती. मी टेबलाशी बसलो आणि त्यांच्या पायांना जागा व्हावी म्हणून थोडे अंग आवरून घेतले.

पहिल्याच दिवशी एक फरक दिसला. खिडकीचे विश्रामराव खुर्चीला चिकटत. हवेत थोडी जरी ओल असली तरी ते सुटत नसत. मग मी चहाचे आधण ठेवी आणि किटलीची वाफ त्यांच्या पाठीमागून सोडी, तेव्हा ते हळूहळू निघत. कॉटवरच्यांचे उलट होते. ते कुठेच टिकत नसत. कॉटवर बसले की सरकत, जमिनीवर बसले की दाराकडे घसरत जात. जेवताना ते ताट हातात घेऊन उभे राहिले.

“तुमचं घरी पण असंच का?” मी विचारले.

“पहिल्यापासून,” कॉटवरचे म्हणाले. “ही म्हणते, तुम्ही घरी येता कधी आणि जाता कधी ते भिंतीलाच माहीत.”

“मला पण असंच म्हणते,” खिडकीचे म्हणाले. “आणि मी तर समोर चिकटून बसलेला असतो.”

दोघे हसले. हसण्यात फरक नव्हता.

मी नेहमीच्या क्रमाने तपासणी सुरू केली. आधी उजेड. सकाळी दोघांना पाळीपाळीने पूर्वेच्या खिडकीत उभे केले आणि मागून ऊन येऊ दिले. दोघांमध्ये सारख्याच आडव्या रेघा दिसल्या, हातेरीच्या कागदात असतात तशा. मग बेंझीन. कागदात दाबलेली खूण उजेडात दिसली नाही तर तिकीट काळ्या बशीत ठेवून वर बेंझीन सोडतात. खूण क्षणभर वर येते आणि बेंझीन उडाले की जाते. माझी काळी बशी तळहाताएवढी आहे. म्हणून मी स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा पुसून घेतला. गॅस बंद असल्याची तीनतीनदा खात्री केली. दोघांनी आपापले शर्ट काढून ठेवले आणि ओट्यावर पालथे झाले.

“गार आहे हो,” खिडकीचे म्हणाले.

“डेपोतल्या बाकड्यापेक्षा बरं आहे,” कॉटवरचे म्हणाले.

दोघांच्या पाठींवर एकाच जागी हातेरीच्या कागदाचा अर्धा शंख उमटला आणि विरून गेला. कागद एक होता. म्हणजे दोघांपैकी नक्कल कोणीच नव्हते. मी त्यांना तसे सांगितले. दोघांनाही बरे वाटलेले दिसले. मग मी पुनर्मुद्रण म्हणजे काय तेही सांगितले.

“म्हणजे एक वेळेवर सुटलेला आणि एक जादा गाडी,” कॉटवरचे म्हणाले.

“तसंच म्हणायचं.”

“जादा गाडीचं काय करता तुमच्यात?”

“अल्बमात ठेवतात. वेगळ्या पानावर. वर तसं लिहितात.”

“पान कसं असतं?”

“काळं. वरून पारदर्शक पट्टी असते. धूळ बसत नाही, कोणाचा हात लागत नाही.”

“कोणाचा म्हणजे कोणाचाच?”

“चिमट्यानं धरतात,” मी म्हणालो.

खिडकीच्यांनी शर्टाची बटणे लावली. एक बटण चुकले ते त्यांनी तसेच ठेवले.

नंतर भिंग. दोघांचे चेहरे मी टेबलाच्या दिव्याखाली बारकाईने पाहिले. भुवईखालची खोक दोघांना होती, नाकाच्या शेंड्यावरचे छिद्र दोघांना होते, खालच्या ओठाचा तुटलेला कंगोरा दोघांना होता. दगड एकच होता यात शंका नव्हती. पण खिडकीच्यांच्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, केसाएवढी एक रेघ जास्त होती. दगड पडून राहिला की त्यावर असे ओरखडे उठतात, आणि ते नंतरच्या छपाईत उतरतात. मी त्यांना रेघ आरशात दाखवली.

“दाढी करताना लागलं असेल,” ते म्हणाले.

“कधी?”

“आठवत नाही.”

त्या दुपारी मी दाखल्याचा पहिला मसुदा केला. ‘कॉटवर बसणारे श्री. सावर्डेकर हे बहुधा अस्सल.’ लिहून झाल्यावर रोहिणीबाईंची ओळ आठवली. मी कागद फाडला. फाडताना टरटर आवाज आला, तो एका कागदाच्या मानाने मोठा होता. मी मान वर केली. खोली आणि गॅलरी यांच्यामध्ये उंबऱ्याच्या रेषेत बारीक भोकांची एक ओळ पडली होती, आणि त्या ओळीवरून गॅलरी फाटून निघून गेली होती. दोरीवर माझे धोतर वाळत होते, तेही गेले. भिंतीला आता पांढरे दाते होते.

दुसऱ्या दिवशी शिराळकरांनी गॅलरी गुंडाळी करून आणून दिली. ती पोवई नाक्यावरच्या पेटीत कोणी तरी टाकली होती, वर माझा पत्ता होता. ती परत लावायची कशी, हे मला आणि शिराळकरांना दोघांनाही कळेना. मी ती कपाटामागे उभी करून ठेवली.

“घर जपून वापरा, काका,” शिराळकर म्हणाले. “एकदा सुटं झालं की किंमत पडते.”

त्याच दिवशी फोन वाजला. बायकांशी फोनवर बोलायची मला सवय नाही. वाचनालयातसुद्धा फोन शिपाई घेत असे. पलीकडून रोहिणीबाईंनी आधी माझी तब्येत विचारली, मग दोघे नीट जेवतात का ते विचारले. मी म्हटले, जेवतात, एक उभ्याने. मग मी, माझ्या अधिकारात नसताना, विचारले की त्यांना स्वतःला काय वाटते.

“मला काय वाटतं ते मी तुम्हाला का सांगू?” त्या म्हणाल्या. “एक जण माझ्यासमोर बसून माझं सगळं ऐकून घेतो. पंचवीस वर्षांत असं कोणी ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता मला वाटतं, मी हे ज्याच्याशी लग्न केलं होतं त्याला सांगतेय, का भलत्यालाच. एवढंच मला कळायला हवं.”

“समजा, मी सांगितलं. मग दुसऱ्यांचं?”

“कोणाला ठेवायचं ते मी बघीन. तो तुमचा विषय नाही. अस्सल कोण तेवढं लिहा.”

मी म्हटले, आत्ताच फोनवर सांगितले तर.

“लिहून पाठवा. फोनवर माणूस कुणाच्याही आवाजात बोलतं.”

फोन ठेवल्यावर मी दुसरा मसुदा केला आणि फाडला, त्याबरोबर स्वयंपाकघर गेले. त्यानंतर किटली टेबलावर ठेवावी लागली. पुढच्या मसुद्यात मी ‘बहुधा’ऐवजी ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ असे लिहिले. ते वाचून पाहिले तर तोच शब्द पांघरूण घेऊन बसलेला होता. फाडल्यावर मागची खोली गेली, तिच्याबरोबर गॅलरीची गुंडाळी आणि माझी पुस्तके. पुस्तकांचे कपाट भोकांच्या रेषेवर क्षणभर अडकले होते. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. हात पुढे करावा असे वाटले, पण ओढताना आणखी फाटेल अशी भीती वाटली. ते गेले. त्यानंतरच्या मसुद्यांबरोबर फोन गेला, दिवा गेला, तिकिटांचा खण गेला. प्रत्येक वेळी भिंत टेबलाकडे एक पट्टी सरके आणि तिला चहूबाजूंनी कोरा पांढरा काठ येई.

जागा कमी होत गेली तसा मी आवरून बसत गेलो. पाहुण्यांना गुडघे तरी लांब करता आले पाहिजेत. आधी मी खुर्चीच्या कडेला बसलो, मग खुर्ची त्यांना देऊन टेबलाच्या कोपऱ्यावर, मग शाईच्या बाटलीला टेकून. माणसाला लहान व्हायला फार कष्ट पडत नाहीत. मला तर ते नवीनही नव्हते.

शेवटी टेबल, दार, खिडकी आणि आम्ही तिघे एवढेच उरलो. दोघा विश्रामरावांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

“आता आणखी एक फाडलंत तर आम्ही दोघं जिन्यात,” कॉटवरचे म्हणाले. कॉट केव्हाच गेली होती, पण मी त्यांना मनात तसेच म्हणत राहिलो.

“आणि तुम्ही कुठं, ते तर दिसणार पण नाही,” खिडकीचे म्हणाले.

एक तपासणी राहिली होती. पाठ. नवशिके तिकिटाचे तोंड पाहतात; खरे पाहायचे ते मागून. बेंझीनच्या वेळीही मी शंखापलीकडे पाहिले नव्हते; इतके दिवस ती टाळली होती, कारण पाठ पाहिल्यावर शंकेला फारशी जागा राहत नाही. मी दोघांना पाळीपाळीने भिंतीकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. एक वळले की दुसऱ्यांनी मला मोजपट्टीवर उभे करून वर धरले.

खिडकीच्यांची पाठ गुळगुळीत होती. डिंकाचा थर मानेपासून कंबरेपर्यंत अखंड, त्यावर साधी बोटाचीही खूण नाही. कॉटवरच्यांच्या पाठीवर डिंक उरलाच नव्हता. उजव्या खांद्यावर टपालाच्या शिक्क्यासारखा काळ्या वर्तुळाचा अर्धा भाग होता, पुसट झालेला. ते म्हणाले की तो कामावरच्या पिशवीच्या पट्ट्याचा रंग असावा. आणि डाव्या खांद्याखाली एक जागा पातळ झाली होती. तिकीट एकदा लावून मग कोरडेच ओढून काढले की त्याचा पापुद्रा मागे राहतो आणि तेवढ्या जागेतून उजेड दिसतो. त्यांच्या पातळ जागेतून मला भिंत दिसत होती.

“इथं काय झालं होतं?” मी विचारले.

“तिथं ती डोकं ठेवायची,” ते भिंतीशी बोलले. “नवीन असताना. माझी पहाटेची ड्यूटी. ती झोपली की मी हळूच सुटून जायचो. हळूच म्हणजे, मला वाटायचं हळूच.”

“तुमच्या लक्षात आहे का हे?” मी खिडकीच्यांना विचारले.

“सगळं लक्षात आहे. डोक्याचं वजनसुद्धा. पण माझ्या पाठीला काही झालं नाही.”

मला उत्तर कळले होते. उत्तर कळल्यावर मला जे होते तेच झाले. मी दुसरे कारण शोधू लागलो.

कॉटवरचे वळले. घसरू नये म्हणून त्यांनी टेबल धरले होते.

“काका, मला जादा गाडी लिहा,” ते म्हणाले. “हा तिथं टिकतो. मी टिकत नाही. तुम्ही एवढं लिहिलंत तर कोणाचं वाईट होत नाही.”

मी हे आधीच मनात लिहून पाहिले होते. वाक्य चांगले झाले होते.

“आणि मी काय करू तिथं?” खिडकीचे म्हणाले. “ती बोलणार ते तुझ्याशी. मी आपला तुझ्या नावावर ऐकत बसणार. रोज थोडा थोडा सुटेन मग मी पण.”

“तुला पानात घालतील येड्या.”

“ती ठरवील. तिला ठरवू दे की. तू कधी ठरवू दिलंस तिला काही?”

“तू तरी कधी दिलंस?”

“मला आत्ता तर छापलंय,” खिडकीचे म्हणाले.

दोघे पुन्हा हसले, या वेळी एक जण थोडा नंतर. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

“काका, तुम्हाला कोणी तपासलंय का हो?” खिडकीच्यांनी विचारले.

मी म्हटले, परीक्षकाला तपासण्याचा रिवाज नाही.

“मग तुमचा दाखला धरायचा कशावर?”

कॉटवरच्यांनी टेबलावरचा माझा चिमटा घेतला, मला खांद्याशी अलगद धरले आणि खिडकीत नेले. ऊन माझ्या आरपार गेले. दोघांनी डोके जवळ आणून पाहिले. त्यांच्या श्वासाने मी थोडा वाकलो.

“रेघा आहेत,” एक म्हणाले.

“शंख?”

“आहे. अर्धा.”

“ओरखडा?” मी विचारले.

“तुमचा चेहरा सगळाच सुरकुतलाय काका. कुठली रेघ दगडाची, कुठली तुमची, काय कळणार?”

“पाठ पाहा.”

त्यांनी मला उलटे केले. डिंक सगळा आहे म्हणाले, थोडा पिवळा पडलेला. पातळ जागा कुठेच नाही. शिक्का नाही. “कोरं तिकीट आहे,” खिडकीचे म्हणाले. “कशाला लावलेलंच नाही कधी.” वापरलेल्या तिकिटाचा काळ शिक्क्यावरून कळतो, कोऱ्याचा कशावरून कळणार, हे मीच त्यांना सांगितले होते. कोपऱ्यात पेन्सिलीचे काही आहे का, असे मी विचारले. ते बराच वेळ पाहत राहिले.

“काहीतरी आहे. फार फिकट. वाचता येत नाही.”

“खोडून पाहा.”

“नको,” कॉटवरचे म्हणाले आणि मला टेबलावर ठेवले.

मी कोरा कागद समोर ओढला. पेन मला मिठी मारून धरावे लागत होते, प्रत्येक अक्षरासाठी कागदावरून चालावे लागत होते. असे लिहिताना शब्द वाया घालवता येत नाहीत. मी लिहिले: ‘सौ. रोहिणी सावर्डेकर यांस सप्रेम नमस्कार. दोघांचा कागद एक आहे, दगड एक आहे. ज्यांच्या पाठीला डिंक नाही ते अस्सल. डाव्या खांद्याखालची पातळ जागा तुमच्या डोक्याची आहे. दुसरे पुनर्मुद्रण आहेत, खोटे नाहीत. आपला, य. गो. तासगावकर.’ वाक्यांच्या मध्ये त्या शब्दाची जागा मोकळी दिसत होती. मी तिथे पाय न ठेवता पुढे गेलो.

मग मी पेन्सिलीचे टोक उचलले. कॉटवरचे पाठ करून बसले आणि मी खालच्या कोपऱ्यात आद्याक्षरे लिहिली. दाबून लिहिली.

“दुखतंय का?”

“जरा,” ते म्हणाले. “लिहा तुम्ही.”

खिडकीचे पाहत होते. त्यांच्या पाठीवरही त्याच ठिकाणी मी सही केली आणि तिच्यावर पुनर्मुद्रण असे लिहिले. ते लिहिताना पेन्सिल डिंकात रुतत होती. त्यांनी, बरे दिसते का, असे दुसऱ्यांना विचारले. दुसरे म्हणाले की अक्षर छान आहे.

भिंती जागच्या जागी राहिल्या.

पाकिटावर पत्ता घातला आणि शिराळकरांची वाट पाहिली. ते आले तेव्हा त्यांना दारातूनच टेबलाला हात लावता आला. त्यांनी पाकीट उलटेसुलटे केले.

“तिकीट?”

तिकिटांचा खण गेला होता. मी तसे सांगितले.

“बिनतिकिटाचं मला नेता येत नाही. बैरंग जाईल. बाईंना दुप्पट भरून सोडवून घ्यावं लागेल, आणि नाही घेतलं तर परत येईल.” त्यांनी खोलीकडे पाहिले. “परत आलं तर आता टाकायचं कुठं, हा पण प्रश्नच आहे.”

“मी बसतो की,” कॉटवरचे म्हणाले.

“तुमच्यावर शिक्का आहे. एकदा चाललेलं पुन्हा चालत नाही.”

“मी?” खिडकीचे म्हणाले, आणि लगेच म्हणाले, “कळलं.”

शिराळकर माझ्याकडे पाहत नव्हते. ते सभ्य माणूस आहेत. दोघे विश्रामरावही पाहत नव्हते. मी शाईच्या बाटलीला टेकून बसलो होतो आणि सगळ्यांच्या न पाहण्याच्या मधोमध होतो. वाचनालयात कोणी आवाज केला की मी असाच उठत असे, काही न बोलता. तसा उठलो आणि पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.

“मी चालेन की नाही हे मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“ते पोस्टातच कळतं,” शिराळकर म्हणाले.

खिडकीच्यांनी बोट किटलीतल्या पाण्यात बुडवून माझी पाठ भिजवली. पाणी गार होते. इतकी वर्षे कोरडा राहिलेला डिंक जागा झाला, त्याला बाभळीचा वास आला. कॉटवरच्यांनी मला सरळ केले, कड कडेला जुळवली आणि वरून रुमाल ठेवून तळहाताने दाबले. वाकडे नको, असे ते म्हणत होते. “ही वाकडेपणा लगेच बघते.” मी पाकिटाला बसलो. याआधी मी कशालाच असा बसलेलो नव्हतो.

शिराळकरांची फेरी पुढे होती, म्हणून दोघे स्वतःच पाकीट घेऊन खाली उतरले. पेटी गल्लीच्या तोंडाशी आहे. मागे वळून पाहता आले नाही, पण टरटर आवाज ऐकू आला नाही. पेटीपाशी खिडकीच्यांनी एक हात लाल पत्र्यावर टेकवला आणि दुसऱ्याने झाकण वर धरले. कॉटवरच्यांनी मला आत सरकवले. झाकण पडता पडता फटीतून मला दिसले की खिडकीच्यांचा तळहात पत्र्याला चिकटला आहे आणि ते तो सोडवू पाहत आहेत, आणि कॉटवरचे उताराने स्टँडच्या दिशेने हळूहळू सरकत आहेत. दोघे एकमेकांकडे हात लांब करत होते.

आत अंधार होता आणि इतर पत्रे होती. माझ्याखाली, पाकिटाच्या आत, रोहिणीबाईंचे नाव होते. ते मला पाठीला जाणवत होते.

नंतर कुलूप निघाले. पिशवी, सायकल, पिशवी. मग एक लांब टेबल आणि शाईचा वास. धप्प असा आवाज येई, मग दुसरा, सारख्याच अंतराने, आणि दर आवाजाला माझ्यावरच्या गठ्ठ्यातले एक पत्र कमी होई. शेवटचे उचलले गेले आणि उजेड पडला. वर एक हात होता आणि हातात शिक्का. त्यावर गावाचे नाव होते, त्याखाली तारीख. शाई ओली होती, अक्षरे उलटी होती. ती तारीख माझ्या वेळची आहे की नंतरची, एवढेच मला वाचायचे होते. मी उजवीकडून डावीकडे वाचू लागलो, आणि शिक्का खाली येत राहिला.